ज्युनिअर आइस हॉकीच्या प्लेऑफमध्ये संघ कशामुळे टिकतो? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान कॅनडातल्या मेजर ज्युनिअर आइस हॉकीबद्दल आहे. ओंटारिओची ओएचएल, पश्चिमेकडची डब्ल्यूएचएल आणि क्युबेक व अटलांटिक प्रांतांची क्यूएमजेएचएल या तीन लीग मिळून सीएचएल होते. अमेरिकेतली काही शहरंही यात आहेत. खेळाडू साधारण १६ ते २० वर्षांचे. ओंटारिओतल्या ब्रॅम्प्टन, किचनर, लंडनच्या बाजूला स्थायिक झालेली बरीच मराठी घरं मार्च उजाडला की मुलांना घेऊन रिंकवर (बर्फाच्या मैदानावर) जातात. त्यांना आणि भारतात बसून स्ट्रीम बघणाऱ्यांना पडतात ते प्रश्न इथे घेतले आहेत.

प्लेऑफची रचना कशी असते?

प्रत्येक लीगमधून १६ संघ प्लेऑफमध्ये येतात. चार फेऱ्या होतात आणि प्रत्येक फेरीत त्याच दोन संघांत जास्तीत जास्त सात सामने असतात. आधी चार जिंकेल तो पुढे. म्हणजे लीगचं विजेतेपद हवं असेल तर १६ विजय लागतात, आणि त्यासाठी किमान १६, कमाल २८ सामने खेळावे लागतात. ओएचएल आणि डब्ल्यूएचएलमध्ये त्याआधी साखळीचे ६८ सामने झालेले असतात.

तिन्ही लीगचे विजेते आणि एक यजमान अशा चार संघांत मग मेमोरियल कप होतो. ही स्पर्धा १९१९ पासून चालू आहे. प्रत्येक संघ इतर तिघांशी एकेकदा खेळतो. पहिला थेट अंतिम सामन्यात जातो, दुसरा आणि तिसरा उपांत्य सामना खेळतात.

साखळीत धुमाकूळ घालणारा संघ प्लेऑफमध्ये ढेपाळतो, असं का होतं?

आयपीएलमध्ये एका रात्रीत निकाल लागतो, त्यामुळे नशिबाला बराच वाव असतो. सात सामन्यांच्या मालिकेत तो वाव कमी होतो, पण वेगळंच संकट उभं राहतं: समोरचा संघ रोज तोच. साखळीत एखाद्या संघाशी गाठ पडते आणि दोन दिवसांनी दुसराच कोणीतरी समोर येतो. तुमची एखादी सवय उघडी पडली तरी तिचा फायदा घ्यायला कोणाला सवड नसते. प्लेऑफमध्ये दोन आठवडे एकच कोचिंग स्टाफ तुमचाच व्हिडिओ बघत असतो. एकाच लाइनच्या (एकत्र उतरणारे तीन फॉरवर्ड: मधला सेंटर आणि दोन विंगर) जोरावर जिंकत आलेल्या संघाची ती लाइन तिसऱ्या सामन्यापर्यंत बांधली जाते.

२०१९ मध्ये ओटावा ६७'ज संघाने ओएचएल प्लेऑफचे पहिले १४ सामने सलग जिंकले होते. अंतिम मालिकेत ग्वेल्फ स्टॉर्मविरुद्ध २-० अशी आघाडी होती. मालिका चालू असताना त्यांचा मुख्य गोलरक्षक मायकेल डिपिएट्रो जखमी झाला, ग्वेल्फने लागोपाठ चार सामने जिंकले आणि चषक नेला. ओटावाचा संघ कमी ताकदीचा होता, असं कोणीच म्हणणार नाही.

एकच गोष्ट निवडायची झाली तर कोणती?

गोलरक्षक. यावर वाद घालण्यात अर्थ नाही. हिशोब साधा आहे. सामन्याला ३० फटके येतात असं धरा. ९० टक्के अडवणारा गोलरक्षक ३ गोल खातो, ९२ टक्के अडवणारा २.४. सहा सामन्यांच्या मालिकेत हा फरक साडेतीन गोलांच्या वर जातो. प्लेऑफमधले बरेच सामने एका गोलाने सुटतात, तेव्हा साडेतीन गोल म्हणजे जवळजवळ अख्खी मालिका.

पण 'चांगला गोलरक्षक हवा' एवढ्याने भागत नाही, तो एप्रिलमध्ये ताजा हवा. ६८ पैकी ४५ ते ५० सामने मुख्य गोलरक्षकाला आणि उरलेले दुसऱ्याला, ही विभागणी सोयीची ठरते. गुणतक्त्यात एखादी जागा वर सरकावी म्हणून मुख्य गोलरक्षकाला ५८-६० सामन्यांना जुंपलं, तर त्याची किंमत दुसऱ्या फेरीत मोजावी लागते. लागोपाठच्या दोन रात्री सामने असतील तर त्यातला एक दुसऱ्या गोलरक्षकाचाच असला पाहिजे.

थकलेला गोलरक्षक ओळखता येतो. तो क्रीझमध्ये (गोलसमोरच्या आखलेल्या जागेत) खोल, गोलरेषेला चिकटून उभा राहू लागतो. फटका सुटायच्या आधीच गुडघ्यांवर जातो, त्यामुळे वरचे कोपरे उघडे पडतात. ग्लोव्हचा हात खाली येतो. पॅडवरून उडालेला पक (खेळायची रबरी चकती) कोपऱ्यात न जाता समोर, अगदी मोक्याच्या जागी पडतो. यातल्या दोन गोष्टी एकाच सामन्यात दिसल्या तर कोचने दुसऱ्या दिवशी त्याला सरावाला बर्फावर उतरवू नये. विश्रांती द्यावी.

चार गोल खाल्ले की गोलरक्षक बदलतात. त्याने काही साधतं का?

तो सामना सहसा वाचत नाही. बदल बहुतेक वेळा बाकीच्या संघाला हलवण्यासाठी आणि गोलरक्षकाचं डोकं शांत व्हावं म्हणून असतो. पुढच्या सामन्यात त्यालाच परत उभं करायचं असेल तर कोचने ते त्याच रात्री सांगून टाकावं. सतरा-अठरा वर्षांच्या मुलाला दोन दिवस टांगणीवर ठेवलं की तो सरावात स्वतःला सिद्ध करत बसतो आणि आणखी बिघडतो.

ज्युनिअरमध्ये दर दोन-तीन वर्षांनी विजेते बदलतात. यामागे काही ठरलेलं चक्र आहे का?

आहे, आणि ज्युनिअर हॉकी समजून घ्यायची तर ते आधी समजून घ्यावं लागतं. एनएचएल या व्यावसायिक लीगमध्ये तिशीतला खेळाडूही संघाचा कणा असतो. इथे विसाव्या वर्षानंतर दार बंद. त्यातही सामन्याला २० वर्षांचे तीनच खेळाडू उतरवता येतात, त्यांना ओव्हरएज म्हणतात. त्यामुळे संघ मुलांबरोबर मोठा होतो, एका हंगामात पिकतो आणि मग रिकामा होतो.

१६ आणि १९ या वयांत शरीराचा फरक प्रचंड असतो. सोळा वर्षांचा हुशार विंगर ऑक्टोबरमध्ये गोल करतो, पण एप्रिलमध्ये ९० किलोचा एकोणीस वर्षांचा बचावपटू त्याला बोर्डवर (रिंकच्या कडेच्या भिंतीवर) दाबून धरतो तेव्हा हुशारी कामाला येत नाही. म्हणून प्लेऑफमध्ये दूर जाणारे संघ बघितलेत तर पहिल्या दोन लाइन आणि पहिल्या चार बचावपटूंमध्ये १८-१९ वर्षांच्या मुलांचा भरणा दिसेल. तीन ओव्हरएज जागा कोणाला दिल्या आहेत तेही बघा. अनुभवी मॅनेजर त्यातली एक तरी बचावपटूला किंवा गोलरक्षकाला देतो. तिन्ही जागा फॉरवर्डना देऊन बसलेला संघ बघायला मजेदार असतो, पण फार पुढे जात नाही.

आणखी एक घटक मॅनेजरच्या हातात नसतो. एनएचएलने ड्राफ्टमध्ये (तरुण खेळाडूंच्या वार्षिक निवडीत) घेतलेला १८-१९ वर्षांचा खेळाडू सप्टेंबरच्या शिबिरानंतर ज्युनिअर संघाकडे परत येतो की वरच राहतो, यावर अख्खा हंगाम फिरतो.

जानेवारीतल्या ट्रेडचा (खेळाडूंच्या अदलाबदलीचा) एवढा गाजावाजा का होतो?

कारण मे महिन्यातला संघ जानेवारीत बनतो. ट्रेडची मुदत जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात संपते, वर्ल्ड ज्युनिअर ही २० वर्षांखालच्या राष्ट्रीय संघांची स्पर्धा आटोपल्यावर लगेचच. पैशाने खेळाडू विकत घेता येत नाहीत. चलन असतं ते तरुण खेळाडूंचं आणि पुढच्या तीन-चार वर्षांच्या ड्राफ्ट निवडींचं. म्हणजे आज जिंकण्यासाठी २०२९ चा संघ गहाण टाकायचा.

ग्वेल्फचं उदाहरण पुन्हा घेऊ, कारण याहून स्पष्ट उदाहरण सापडणं कठीण. २०१८-१९ च्या हंगामात त्यांनी ओवेन साउंडकडून निक सुझुकी आणि शॉन डर्झी यांना आणलं. मॅकेन्झी एन्टविसल आणि मार्कस फिलिप्स हेही त्याच मुदतीत आले. नावांपेक्षा जागा बघा: एक पहिला सेंटर, एक आक्रमक बचावपटू, एक मेहनती विंगर, एक बचावाला बांधलेला बचावपटू. चार वेगवेगळी भोकं बुजवली. त्यानंतर प्लेऑफमध्ये ते लंडन नाइट्सविरुद्ध ०-३ ने मागे पडले आणि ४-३ ने जिंकले. सॅगिनॉविरुद्ध १-३ वरून ४-३. ओटावाविरुद्ध ०-२ वरून ४-२. सुझुकीने २४ सामन्यांत ४२ गुण (गोल आणि गोलसाठी दिलेले पास मिळून) मिळवले. पुढे तो एनएचएलमधल्या मॉन्ट्रियल कॅनडियन्सचा कर्णधार झाला.

ट्रेड फसतात ते बहुधा दोन कारणांनी. एक, गरज बचावपटूची असताना गोल करणारं मोठं नाव आणलं जातं, कारण तिकिटं त्याच्या नावावर खपतात. दोन, बदल्यात ड्रेसिंग रूममधला असा कोणी जातो ज्याच्यावर पेनल्टी किल (शिक्षेमुळे एक खेळाडू कमी असतानाचा बचाव) उभा होता. आकडेवारीत तो दिसत नसतो. तो गेल्यावर दिसतो.

आलेल्या खेळाडूला रुळायला दोन महिने मिळतात, पण तो नव्या शाळेत, नव्या बिलेट कुटुंबाकडे, नव्या गावात येतो. त्याचं घर नीट लागलं तर खेळ लागतो.

बिलेट कुटुंब म्हणजे?

घर सोडून आलेल्या खेळाडूंना हंगामभर आपल्या घरी ठेवून घेणारं गावातलं कुटुंब. जेवण, झोपेची वेळ, शाळेला पोहोचवणं, सगळं त्यांच्याकडे. संघाकडून त्यांना खर्चापोटी काही रक्कम मिळते, पण सहा फुटी पोरगा खातो किती हे पाहता त्यात कोणी श्रीमंत होत नाही.

कोच सामन्यात नेमकं काय करतो? बेंचच्या मागे उभा राहून ओरडण्यापलीकडे?

प्लेऑफमध्ये कोचचं सगळ्यात मोठं शस्त्र आहे शेवटचा बदल. खेळ थांबल्यावर पाहुण्या संघाने आपले पाच खेळाडू आधी उतरवायचे असतात, घरचा संघ ते बघून आपले पाच पाठवतो. म्हणजे घरच्या रिंकवर कोच समोरच्या सर्वोत्तम लाइनसमोर आपली सर्वोत्तम बचाव जोडी आणि चिवट सेंटर दर वेळी उतरवू शकतो. मालिकेचा पहिला, दुसरा आणि गरज पडल्यास सातवा सामना घरी खेळायला मिळावा म्हणून साखळीत वरची जागा हवी असते, ती यासाठी. प्रेक्षकांचा आरडाओरडा त्यानंतर येतो.

पाहुणा कोच यातून वाट कशी काढतो? फेसऑफला (दोन सेंटरमध्ये पक टाकून खेळ पुन्हा सुरू करताना) त्याची पहिली लाइन नको त्या जोडीसमोर अडकली, तर पक मधली लाल रेषा ओलांडून खोलात टाकायचा आणि दहा-पंधरा सेकंदांत खेळ चालू असतानाच लाइन बदलायची. पाठलाग करत घरच्या कोचनेही बदल केला तर त्याच्या खेळाडूंची लय तुटते. नाही केला तर हवी ती जुळणी मिळते. एखादी पहिली लाइन घरी चार गोल करते आणि बाहेर गप्प बसते, त्यामागे बहुधा एवढंच असतं.

दुसरी गोष्ट, दुसरा पिरियड, म्हणजे सामन्याच्या तीन भागांतला मधला. बाजू बदलल्यामुळे या २० मिनिटांत आपला बेंच आपल्या गोलपासून लांब पडतो. आपल्या हद्दीत अडकलेल्या बचावपटूला बदलीसाठी अर्धी रिंक ओलांडावी लागते. ४० सेकंदांची शिफ्ट (एका दमात बर्फावर काढलेला वेळ) मग ८० सेकंदांची होते, पाय जड होतात आणि गोल बसतो. नीट शिकवलेला संघ दुसऱ्या पिरियडमध्ये पक निळ्या रेषेबाहेर, म्हणजे आपल्या हद्दीच्या जेमतेम बाहेर काढून मोकळा होत नाही. तो समोरच्या हद्दीत खोल टाकतो, तेव्हाच बदली करतो. आणि आयसिंग (मधल्या रेषेच्या अलीकडून पक थेट समोरच्या गोलरेषेपार टाकणं) टाळतो, कारण आयसिंग झाली की चूक करणाऱ्या संघाला खेळाडू बदलता येत नाहीत. थकलेले पाच, आपल्याच हद्दीत फेसऑफ आणि समोर ताजी लाइन, यातून निभावणं अवघड.

पुढच्या वेळी सामना बघताना दुसऱ्या पिरियडमध्ये घड्याळावर नजर ठेवा आणि एका बचावपटूची शिफ्ट मोजा.

पॉवर प्लेला किती महत्त्व द्यायचं?

पॉवर प्ले म्हणजे समोरचा खेळाडू शिक्षेमुळे बाहेर असताना एक जादा खेळाडू घेऊन खेळायची संधी. मालिकेपुरता हिशोब करा. सामन्याला साडेतीन संधी, सहा सामने, म्हणजे २१ संधी. १५ टक्के दराने तीन गोल, २५ टक्के दराने पाच. दोन गोलांचा फरक, म्हणजे एका गोलाने सुटणारे दोन सामने. पॉवर प्लेची टक्केवारी आणि पेनल्टी किलची टक्केवारी यांची बेरीज करून बघा. १०० च्या वर असेल तर ठीक, १०५ च्या वर असेल तर त्या संघाला गंभीरपणे घ्या.

बहुतेक संघ १-३-१ रचना वापरतात: एक निळ्या रेषेवर, तिघं मधल्या फळीत आणि एक गोलरक्षकाच्या डोळ्यांसमोर. साखळीत मधून आडवा पास देऊन थेट फटका मारला की गोल व्हायचा. प्लेऑफमध्ये तो पास तिसऱ्या सामन्यापर्यंत बंद होतो, कारण बचाव करणारे चौघं मध्यभाग सोडतच नाहीत. मग गोल येतो तो कुरूप मार्गाने: निळ्या रेषेवरून खालचा फटका, समोर उभ्या असलेल्याची स्टिक लागून दिशा बदल, किंवा उडालेला पक. म्हणून गोलसमोर उभं राहून पाठीत क्रॉसचेक (दोन्ही हातांत धरलेल्या स्टिकचे धक्के) खाणारा पाचवा खेळाडू कोण, यावर पॉवर प्लेचं भवितव्य ठरतं. देखणा खेळाडू तिथे उपयोगाचा नाही.

पॉवर प्ले बिघडतो तो बहुतेकदा हद्दीत शिरतानाच. समोरचे चौघं निळ्या रेषेवर भिंत करतात. एकच प्रवेश शिकवलेला असेल तर दोन मिनिटांतला पाऊण मिनिट पक परत आणण्यात जातो. निदान दोन प्रवेश हवेत: एक पक मागे सोडून दुसऱ्याने वेगात आत नेण्याचा, दुसरा खोलात टाकून पाठलागाचा.

पेनल्टी टाळायच्या तर अंगावर जाऊन खेळायचं कसं?

अंगावर जाण्याने पेनल्टी मिळत नाही, उशिरा पोहोचल्याने मिळते. पाय थांबले की स्टिक पुढे येते, मग हुकिंग, ट्रिपिंग, स्लॅशिंग (स्टिकने अडकवणं, पाडणं, मारणं). समोरच्या हद्दीत, आपल्या गोलपासून सगळ्यात लांब घेतलेली पेनल्टी ही सगळ्यात वाया गेलेली. कोच त्यासाठी शिफ्ट कापतात, आणि कापाव्यातच. शिट्टीनंतरच्या ढकलाढकलीत मात्र पहिल्याला सहसा काही होत नाही, उलट वार करणारा पेनल्टी बॉक्समध्ये जातो. चलाख संघ नेमके हे उकरून काढतात.

फेसऑफ?

लोक समजतात तेवढं महत्त्व नाही. ५२ विरुद्ध ४८ टक्के याने मालिका फिरत नाही. अपवाद दोन: पेनल्टी किलचा पहिला फेसऑफ, आणि शेवटच्या मिनिटाला आपल्या हद्दीतला. त्या दोन वेळांसाठी एक उजव्या आणि एक डाव्या हाताचा सेंटर हाताशी ठेवला की झालं.

ओव्हरटाइममध्ये काय बदलतं?

साखळीत बरोबरी झाली की तीन-तीन खेळाडूंचा छोटा ओव्हरटाइम आणि मग शूटआउट असतो. प्लेऑफमध्ये शूटआउट नाही. पाच-पाच खेळाडू, २० मिनिटांचे पूर्ण पिरियड, पहिला गोल होईपर्यंत. २०१७ मध्ये डब्ल्यूएचएलच्या पहिल्या फेरीत एव्हरेट सिल्वरटिप्स आणि व्हिक्टोरिया रॉयल्स यांचा सामना पाचव्या ओव्हरटाइमपर्यंत गेला, १५१ मिनिटांहून जास्त. एव्हरेट ३-२ ने जिंकलं.

अशा रात्री चौथी लाइन कामाला येते. ४० सेकंदांच्या शिफ्टने तीन लाइन फिरवल्या तर प्रत्येकीला ८० सेकंद विश्रांती मिळते, चार फिरवल्या तर १२०. पहिल्या ओव्हरटाइममध्ये हा फरक जाणवत नाही, दुसऱ्यात पाय बोलू लागतात. ज्या कोचने अख्ख्या साखळीत चौथ्या लाइनला चार-पाच मिनिटांवर बसवून ठेवलं, त्याला मध्यरात्री तिच्यावर भरवसा ठेवता येत नाही. शिफ्ट ३०-३५ सेकंदांवर आणायची, पहिल्या ओव्हरटाइममध्ये बेंच पुन्हा लांब पडतो हे लक्षात ठेवायचं, आणि दोन पिरियडच्या मधल्या वेळात केळं, संत्रं, जॅमचं सँडविच, मीठ असलेलं पेय द्यायचं. नुसतं पाणी ढोसलं की पायात गोळे येतात.

खेळाडूंनी सामन्याच्या दिवशी काय खावं? आमचा मुलगा शाकाहारी आहे.

संध्याकाळी ७ चा सामना असेल तर मुख्य जेवण साडेतीन-चारला. भात किंवा पास्ता, सोबत प्रथिनं, तेल-तूप बेताचं. वरण-भात आणि दही यासाठी अगदी योग्य आहे. राजमा, छोले आणि कोबी त्या दिवशी नकोत, पोट फुगतं. पनीर थोडं चालेल, तळलेलं नको. दीड तास आधी केळं किंवा पोह्यांची छोटी वाटी. सामना संपल्यावर तासाभरात पुन्हा पिष्टमय पदार्थ आणि प्रथिनं मिळाली पाहिजेत, कारण कदाचित उद्याच पुढचा सामना असतो. चॉकलेट दूध हा तिथला सोपा उपाय आहे. दुपारची झोप तासभर पुरे, दोन तास झोपला तर सुस्त होतो.

वजन सामन्याआधी आणि नंतर करून बघावं. दीड किलो उतरलं असेल तर रात्रीपर्यंत दोन लिटरहून थोडं जास्त पाणी आणि खारं काहीतरी पोटात गेलं पाहिजे.

बस प्रवासाचा परिणाम होतो का?

होतो. क्यूएमजेएचएलमध्ये रुआँ-नोरांडा ते केप ब्रेटन हे अंतर दोन हजार किलोमीटरपेक्षा जास्त आहे. अशा जोड्यांमध्ये घरी दोन, बाहेर तीन, घरी दोन अशी विभागणी सोयीची पडते. तिच्यात एक मेख आहे: साखळीत मागे राहिलेल्या संघाला मधले तीन सामने सलग घरी मिळतात आणि तो तिथेच मालिका उलटवू शकतो. रात्रीचा प्रवास असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळचा सराव रद्द करणं हा सर्वांत स्वस्त उपाय. बर्फावर २० मिनिटं फिरण्यापेक्षा दोन तासांची झोप जास्त देऊन जाते.

६ एप्रिल २०१८ रोजी सस्कॅचेवानमध्ये हम्बोल्ट ब्रॉन्कोज या ज्युनिअर ए (मेजर ज्युनिअरच्या खालचा स्तर) संघाची बस प्लेऑफच्या सामन्याला जाताना ट्रकशी झालेल्या अपघातात सापडली आणि १६ जणांचा जीव गेला. ज्या बसला पट्टे आहेत तिथे ते लावायचे, झोपताना सुद्धा. यात चर्चेला जागा नाही.

एप्रिल-मेमध्ये बर्फ मऊ होतो म्हणतात. त्याचं काय करतात?

बाहेर ऊन, आत पाच हजार माणसं, दारं उघडी. बर्फ मऊ पडतो, पक उड्या मारतो. स्केटच्या पात्याला खालून खाच असते. तिची त्रिज्या जितकी लहान तितकी खाच खोल आणि पकड घट्ट. हिवाळ्यात अर्धा इंच ठेवणारा खेळाडू मऊ बर्फावर पाच अष्टमांश इंचावर जातो, नाहीतर पातं रुततं आणि मांड्या भरून येतात. हा बदल मालिकेच्या मध्ये करू नये, दोन सराव तरी आधी करून बघावा. इक्विपमेंट मॅनेजरकडे प्रत्येकाची धार लावलेली जादा पाती बेंचवर हवीत. एखाद्याची कड गोलपोस्टवर आपटून गेली तर तीस सेकंदांत पातं बदलून तो परत उतरतो. मऊ बर्फावर तीन पासची नक्षीदार चाल रचू नये, दोन पासमध्ये पक पुढे गेला पाहिजे.

व्हिडिओ किती दाखवावा?

कमी. समोरचा संघ बाहेर कसा पडतो, त्यांचा पॉवर प्ले आत कसा येतो, त्यांचा गोलरक्षक कोणत्या बाजूला उशिरा सरकतो, बस. दहा-बारा क्लिप, सात-आठ मिनिटं. कोचने रात्रभर जागून ४० क्लिप कापल्या म्हणून त्या सगळ्या मुलांना दाखवायच्या नसतात. हरल्यानंतर एका वेळी एक, फार तर दोन बदल करावेत. तीन बदल एकदम केले की मुलं बर्फावर विचार करू लागतात आणि अर्धा सेकंद उशिरा पोहोचतात.

दुखापत लपवून खेळणं हे शौर्य मानलं जातं का?

फटका अडवताना सुजलेली बोटं, निळा पडलेला घोटा, यांवर टेप बांधून मुलं खेळतात हे खरं. डोक्याच्या मारात मात्र सूट नाही. कन्कशननंतर परतण्याच्या पायऱ्या ठरलेल्या असतात: विश्रांती, हलका व्यायाम, बर्फावर एकट्याने, संघाबरोबर पण संपर्काशिवाय, पूर्ण संपर्क, मग सामना. प्रत्येक पायरीला किमान २४ तास, आणि लक्षणं दिसली तर एक पायरी मागे. म्हणजे कितीही घाई केली तरी जवळपास आठवडा जातो, मालिकेतले तीन सामने. म्हणून संघ खालच्या स्तरावरचे नोंदलेले खेळाडू मार्चपासूनच सरावाला बोलावून ठेवतात.

यजमान संघ मेमोरियल कपमध्ये फुकटात येतो. हे न्याय्य आहे का?

न्यायाचं सोडा, फायदा होतोच असं नाही. लवकर हरलेल्या यजमानाला महिनाभर सामना नसतो. तरीही काही यजमान जिंकतात. २०२२ मध्ये सेंट जॉन सी डॉग्ज पहिल्याच फेरीत रिमुस्कीकडून हरले, प्रशिक्षकाला काढलं, न्यू ब्रन्सविक विद्यापीठाच्या गार्डिनर मॅकडूगल यांना आणलं, महिन्याहून जास्त नुसता सराव केला आणि जूनमध्ये अंतिम सामन्यात हॅमिल्टनला ६-३ ने हरवून कप उचलला. २०२४ मध्ये यजमान सॅगिनॉ स्पिरिट लीगच्या उपांत्य मालिकेत लंडनकडून हरले होते. मेमोरियल कपच्या अंतिम सामन्यात त्याच लंडनला त्यांनी ४-३ ने हरवलं, शेवटचा गोल २२ सेकंद उरले असताना. लंडनने वर्षभराने उट्टं काढलं: २०२५ मध्ये ओएचएल प्लेऑफमध्ये १६ विजय, एक पराभव आणि रिमुस्कीत डब्ल्यूएचएलच्या मेडिसिन हॅटला ४-१ ने हरवून कप.

अमेरिकी कॉलेजांचे नियम बदलल्याने प्लेऑफवर काय परिणाम होईल?

पूर्वी सीएचएलमध्ये खेळलेल्या मुलाला अमेरिकेतल्या एनसीएए (कॉलेज) हॉकीचं दार बंद होतं. ऑगस्ट २०२५ पासून ते उघडलं. मेडिसिन हॅटचा गॅविन मॅकेना त्याच वर्षी पेन स्टेटला गेला. आमच्या मते सर्वात मोठा फटका १९ वर्षांच्या गटाला बसणार, आणि प्लेऑफ जिंकून देणारा गट तोच आहे. उलट बाजूने, कॉलेजची वाट मोकळी राहावी म्हणून ज्युनिअर ए किंवा अमेरिकी लीगमध्ये थांबणारी १६-१७ वर्षांची मुलं आता सीएचएलकडे वळू शकतात. म्हणजे संघ आणखी तरुण होतील आणि तीन ओव्हरएज खेळाडूंचं मोल वाढेल.

मालिका सुरू होताना कोण जिंकेल याचा अंदाज कसा बांधायचा?

गुणतक्ता बाजूला ठेवा आणि १० जानेवारीनंतरचे निकाल वेगळे काढा, कारण त्याआधीचा संघ वेगळा होता. दोन्ही गोलरक्षकांचे मार्चमधले आकडे आणि हंगामातले एकूण सामने बघा. पहिल्या चार बचावपटूंची वयं लिहा. पॉवर प्ले आणि पेनल्टी किलची बेरीज करा. दोन्ही संघांचा दुसरा सेंटर कोण ते बघा, कारण पहिले दोघं बहुधा एकमेकांना रोखून धरतात आणि मालिका दुसऱ्या लाइनवर सुटते. पहिले दोन सामने झाले की पाहुण्या संघाची पहिली लाइन पाच-पाच खेळाडूंच्या खेळात किती संधी काढते आहे ते मोजा. गोल नव्हे, संधी. बाहेर खेळूनही ती सामन्याला सात-आठ संधी काढत असेल, तर ०-२ असतानाही त्या संघावर पैज लावायला हरकत नाही.